नवीन लँडफिल आधी की गाळ कमी आधी?
तळोजा-रांजणगावला कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी नवीन लँडफिल (कचरा पुरायची जागा) हवंच असं काही जण म्हणतात, ते मान्य, पण तिथे जाणारा गाळ मुळात तयारच कमी कसा होईल यावर कोणीच बोलत नाहीये. भोसरीत एका झिंक प्लेटिंगच्या (धातूच्या भागांवर जस्ताचा थर चढवायच्या) शॉपमध्ये होतो, तिथे रॅक (भाग टांगायची चौकट) बाथमधून (केमिकलच्या टाकीतून) काढला की टपकत तसाच धुवायच्या पाण्यात, म्हणजे केमिकल सगळं ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) आणि त्याचा गाळ टीएसडीएफला (घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राला, लँडफिल तिथेच असतं). मग बाथवरच आडवा रॉड लावून रॅक नीट निथळू द्यायला लागलो आणि पहिल्या धुण्याचं पाणी परत बाथमध्येच टॉप-अपला वापरलं, तर फिल्टर प्रेसच्या केकच्या (दाबून पाणी काढलेल्या गाळाच्या) बॅगा स्पष्ट कमी झाल्या, झिंकही वाचलं. आणि केक ओलाच उचलू नका हो, टनाच्या भावाने पैसे भरून पाणी पाठवतो आपण!