विषय: अंगणातील बार आणि फिरते सिंक: सांडपाण्याचा कॅन आत की बाहेर?

प्रेषक: उपाहार समिती, पणजी

सर्वांस सप्रेम नमस्कार. आपल्या कार्यक्रमांसाठी अंगणात ठेवायचा, सिंक बसवलेला फिरता बार करायला सुतार शुक्रवारी पर्वरीला येणार आहे आणि त्याला एकाच गोष्टीचे उत्तर हवे आहे: सिंकखाली सांडपाण्याचा कॅन ठेवायचा, की नळी थेट बाहेर काढायची? पाहुण्यांकडची फळी ४२ इंचांवर, मागची कामाची बाजू ३६ इंचांवर, खाली चाके आणि पावसाळ्यात सुटे करता येईल अशी नटबोल्टची जोडणी, एवढे ठरलेले आहे. कोजागिरीला ग्लास विसळण्यासाठी ज्यांनी स्वयंपाकघरापर्यंत खेपा घातल्या, त्यांनी तरी मत अवश्य कळवावे.

प्रेषक: म्हापसा

कॅन कशासाठी? नळी माडाच्या आळ्यात सोडावी. आमच्याकडे मोरीचे पाणी वर्षानुवर्षे माडांनाच जाते आणि माड उत्तम आहेत. चैत्राच्या उन्हात पाणी वाया घालवणे मला पटत नाही.

प्रेषक: पर्वरी

म्हापशाच्या काकांचा मुद्दा मोरीपुरता योग्य आहे, परंतु बारच्या सिंकमध्ये साखर, मीठ, लिंबाच्या साली, कोकम आणि भांड्यांचा साबण एकत्र जातो. त्यातच ज्या माडाविषयी आपण बोलत आहोत, त्याच्याजवळच आमची विहीर आहे. खाली जांभा दगड आहे. तो सच्छिद्र असल्याने वर ओतलेले पाणी मातीत फारसे न गाळले जाता झिरपून विहिरीत उतरू शकते. ते पाणी आम्ही पितो. अंगण मी आनंदाने देत आहे, पण नळी आळ्यात सोडू देणार नाही.

प्रेषक: मडगाव

वहिनींशी पूर्ण सहमत. मात्र कॅनचे माप सुताराला आत्ताच सांगावे, कारण बहुतेक जण स्वच्छ पाण्याच्या कॅनएवढाच सांडपाण्याचा कॅन घेतात आणि तिथेच अडचण होते. भाचीच्या लग्नात स्वच्छ पाणी अर्धेही संपले नव्हते, तोच खालचा कॅन भरून सिंक तुंबले, कारण ग्लासांमधला उरलेला बर्फ आणि सरबतही त्यातच ओतले जात होते. एक किलो बर्फ वितळला की एक लिटर पाणी होते, हे लक्षात घेतलेले बरे. स्वच्छ पाण्याचा कॅन २० लिटरचा असेल तर सांडपाण्याचा ३५ लिटरचा घ्यावा, किंवा २० लिटरचे दोन ठेवून मधूनमधून बदलावेत. सिंकच्या तोंडाशी साली अडवणारी जाळी हवीच.

प्रेषक: म्हापसा

विहिरीचा मुद्दा मान्य. मग निदान स्वच्छ पाण्याचा कॅन उंचावर ठेवा, म्हणजे पंपाची भानगड राहणार नाही.

प्रेषक: मडगाव

काका, भरलेला २० लिटरचा कॅन २० किलोंहून जड होतो आणि तो छातीच्या उंचीवर चढवण्याचे काम कार्यक्रमात नेहमी मुलांवर येते. शिवाय नळाच्या वर अर्धा मीटर उंचीने पाण्याला दाब फारच थोडा मिळतो. पायाने दाबायचा पंप घ्यावा: वीज गेली तरी चालतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाय उचलला की पाणी थांबते.

प्रेषक: फोंडा

कॅनच्या चर्चेत फळीच्या दगडाचा विचार राहून जात आहे. काजूचा हंगाम असल्याने उर्राक (काजूच्या बोंडांच्या रसाची दारू) असणार, म्हणजे लिंबू असणारच, आणि कोकमही आंबटच. संगमरवर आणि कडप्पा हे दोन्ही चुन्याचे दगड असल्याने आंबट पदार्थाने त्यांची चकाकी जाते व डाग कायमचे राहतात. सिंकभोवतीची पट्टी ग्रॅनाइटची असावी, असा माझा आग्रह आहे.

प्रेषक: साहित्य विभाग, वास्को

दगड कोणताही घ्या, पण तो जूनमध्ये साहित्याच्या खोलीत कोण उचलून आणणार? खोलीची किल्ली माझ्याकडे आहे आणि जागेचा हिशेबही मीच ठेवतो, म्हणून सुट्या होणाऱ्या पातळ पट्ट्यांपेक्षा जड काही मी ठेवून घेणार नाही. दुसरे म्हणजे सिंक ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मिळाल्यास पाहावे. त्यातील मॉलिब्डेनम या धातूमुळे खाऱ्या हवेत ते नेहमीच्या ३०४ प्रतीपेक्षा अधिक टिकते. किनाऱ्याजवळ ३०४ वर तपकिरी ठिपके लवकर दिसू लागतात.

प्रेषक: पर्वरी

मडगावच्या ताईंना एक प्रश्न: खालच्या कॅनला घट्ट झाकण लावले तर वास येणार नाही ना?

प्रेषक: मडगाव

वास थांबेल, पण पाणीही थांबेल. आत शिरणाऱ्या पाण्याला जागा देण्यासाठी कॅनमधली हवा बाहेर पडली पाहिजे, म्हणून झाकणाला नळीशिवाय आणखी एक बारीक छिद्र ठेवावे आणि नळीचे टोक पाण्यात बुडू देऊ नये. स्वच्छ पाण्याच्या कॅनचेही झाकण सैल ठेवावे, नाहीतर आत हवा न शिरल्याने पंप ओढणे बंद करतो. वासासाठी सिंकखालच्या नळीला वळसा द्यावा. त्यात साठलेले पाणी वास अडवते. वळशाला जागा लागते, तेव्हा सिंक आठ इंचांपेक्षा खोल घेऊ नये.

प्रेषक: उपाहार समिती, पणजी

आभार. सुताराला कॅन आत, सांडपाण्यासाठी ३५ लिटरची जागा आणि पायपंप असे कळवत आहे. ग्रॅनाइटच्या पट्टीचे वजन फोंडा आणि वास्को यांनी गुरुवारपर्यंत आपसांत ठरवून कळवावे.