सरकारचा प्रमुख आपण थेट निवडला तर?

मुरारकर
काल ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर, म्हणजे आपल्या मुख्य चौकात, मित्रांमध्ये हा विषय निघाला आणि अर्धवट राहिला म्हणून इथे टाकतोय. माझं मत सरळ आहे, आपल्याकडे अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत हवी, सरकारचा मुख्य माणूस लोकांनी थेट निवडायचा आणि ठरलेली वर्षं त्याला काम करू द्यायचं. 17 एप्रिल 1999 ला मी अकरावीत होतो. शेजारच्या काकूंकडे टीव्हीसमोर सगळी आळी दाटीवाटीनं बसलेली, आणि लोकसभेतल्या विश्वासमताचा आकडा आला 269 विरुद्ध 270. वाजपेयींचं सरकार एका मतानं गेलं. काकू पोळ्या सोडून तशाच उठून आल्या होत्या, हाताला पीठ, म्हणाल्या, "आपल्या ग्वाल्हेरचा माणूस, आणि एका मतानं?" ते अजून डोक्यातून जात नाही. नंतर 2020 मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात 22 आमदारांनी राजीनामे दिले, त्यातले बरेचसे आपल्या ग्वाल्हेर-चंबळचे, बंगळूरच्या रिसॉर्टमध्ये जाऊन बसले आणि पंधरा महिन्यांत सरकार खलास. मी मत दिलं 2018 मध्ये, त्याचं काय झालं मग? अध्यक्षीय पद्धतीत आमदार कुठेही जाऊन बसले तरी सरकार हलत नाही.

जनकगंजची
दादा, 1999 चं दुःख आमच्या घरीही झालं होतं, पण त्यावर औषध म्हणून तुम्ही जे सांगताय ते दुखण्यापेक्षा भारी आहे. हा प्रश्न घटना समितीतही आला होता. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात सांगितलंय की अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त आणि आपल्या पद्धतीत जबाबदारी जास्त, कारण इथे सरकारला रोजच्या रोज सभागृहात उत्तर द्यावं लागतं, आणि मसुद्यात जबाबदारीला झुकतं माप दिलंय ते जाणूनबुजून.
आता श्रीलंका बघा. 1978 पासून तिथे ताकदवान अध्यक्ष. गोटाबाया राजपक्षे 2019 मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आले, 2021 मध्ये रासायनिक खतं एकदम बंद केली, शेतकरी बुडाले. पुढे डॉलर संपले, पेट्रोलला रांगा लागल्या. 2022 च्या मे महिन्यात पंतप्रधानांनी राजीनामा दिला पण अध्यक्ष खुर्चीतच, कारण साध्या बहुमतानं त्यांना काढता येत नव्हतं. शेवटी जुलैत लोक त्यांच्या बंगल्यात घुसले तेव्हा ते देश सोडून पळाले. बंगल्यात घुसावं लागणं याला स्थैर्य म्हणायचं का?

मुरारकर
ताई, एका देशावरून सगळं ठरवू नका. दक्षिण कोरियात 3 डिसेंबर 2024 च्या रात्री अध्यक्षांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला, खासदार कुंपणावरून उड्या मारून संसदेत पोचले आणि काही तासांत 190 मतांनी तो उठवायला लावला, 4 एप्रिल 2025 ला कोर्टानं अध्यक्षांना पदावरून काढलं. व्यवस्था मजबूत असली की माणूस आवरता येतो.

दालबाजार
एवढं लांब कशाला जाता, घरचंच उदाहरण आहे की. आपल्या राज्यात महापौर थेट निवडतात. 2022 ला मी स्वतः दोन मतं दिली, एक महापौराला एक पार्षदाला म्हणजे नगरसेवकाला, आणि खरं सांगतो, दोन्ही वेगवेगळ्या पक्षांना. निकाल काय लागला? ग्वाल्हेरच्या महापौर काँग्रेसच्या, तब्बल 57 वर्षांनी, आणि 66 वॉर्डांमध्ये पार्षद भाजपचे जास्त. मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे महापौरांचं छोटं मंत्रिमंडळ, महापौर निवडणार पण बजेट पास करणार पार्षदांची परिषद. हीच छोटी अध्यक्षीय पद्धत झाली ना? दोघंही म्हणणार, मला लोकांनी निवडलंय, आणि दोघंही खरंच बोलून राहिलेत. अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर होतं, 2018-19 मध्ये मेक्सिकोच्या भिंतीच्या पैशावरून सरकारी ऑफिसं 35 दिवस बंद, लोकांचे पगार अडकले. आपल्याकडे बजेट पडलं तर सरकार पडतं, प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

मुरारकर
पार्षद वेगळ्या पक्षाचे आहेत म्हणून महापौरांना हिशोब नीट द्यावा लागतो, हे चांगलंच आहे की काका. आणि नको झाला तर काढायची सोय आपल्याच राज्याच्या कायद्यात आहे, नगरपालिका अध्यक्षांसाठी खाली कुर्सी-भरी कुर्सी. तीन चतुर्थांश पार्षदांनी सह्या करायच्या आणि मग लोकांनीच मत द्यायचं, ठेवायचा का काढायचा. तसंच देशाच्या अध्यक्षाला लावा. मधल्या मधे आमदार-खासदारांची पळवापळवी बंद होते आणि माणूस उतरवायचा हक्क माझ्याकडेच राहतो.

जनकगंजची
छोट्या गावाची नगरपालिका आणि अख्ख्या देशाचे मतदार, 2024 मध्येच सुमारे 97 कोटी होते, यात फरक आहे, दादा. आणि सह्या करणारे कोण? तेच खासदार ना? म्हणजे रिसॉर्ट पुन्हा आलंच. माझं म्हणणं, पक्षांतरबंदीचा 1985 चा कायदा घट्ट करा, राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षातून लगेच उभं राहता येणार नाही, पाच वर्षं घरी बसा म्हणावं. 2020 मध्ये एवढी एक अट असती तर ते 22 जण बंगळूरला गेले असते का, ते सांगा.

मुरारकर
नसते गेले बहुतेक. हे मात्र मान्य. पण 1999 चं एक मत त्यानं वाचलं नसतं, ताई.