क जीवनसत्त्व की के? आणि ‘मेदविद्राव्य’चा घोळ

ठाणेकर: मंडळी, एका अक्षरावरून घरात महाभारत झालंय. बाबांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, वॉरफेरिन. डॉक्टर म्हणाले व्हिटॅमिन के जपून, आणि ताईने फॅमिली ग्रुपवर मराठीत टाकलं ‘क जीवनसत्त्व जपून’. झालं, आईने लिंबू बंद केलं, आवळा बंद, पेरू बंद, आणि जांभळी नाक्यावरून पालकाच्या दोन दोन जुड्या यायला लागल्या कारण हिरवी भाजी चांगली! आठवड्याने आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, खाली. आता पुस्तकात बघतोय तर के ‘मेदविद्राव्य’ म्हणे. म्हणजे मेद विरघळवतं की काय ते?

नेरूळकर: अहो क म्हणजे सी! भूमितीत कसे बिंदू अ ब क ड, तशीच अक्षरं लावलीत, सीला क, डीला ड. खऱ्या केची पाळी आली तेव्हा क गेलेला होता म्हणून तो ‘के’च राहिला. तसा तो इंग्रजीतही ओळीने आलेला नाही, रक्त गोठण्याच्या जर्मन शब्दाचं पहिलं अक्षर आहे ते. आणि विद्राव्य म्हणजे विरघळणारं, विरघळवतो तो द्रावक. मला तर ‘स्निग्धविद्राव्य’ बरा वाटतो, ‘मेद’ म्हटलं की लोकांना पोटच आठवतं.

वाशीची फार्मसीवाली: नुसत्या उकडलेल्या पालकापेक्षा तेलात लसणीची फोडणी दिलेल्या पालकातलं के जास्त अंगी लागतं, कारण ते पित्ताच्या मदतीने चरबीबरोबरच आतड्यातून आत शिरतं. मग लिव्हरमधे रक्त गोठवणारे घटक 2, 7, 9, 10 तयार करायला लागतं. वापरलेलं के शरीर पुन्हा ताजं करून घेतं आणि वॉरफेरिन नेमकं तिथेच आडवं येतं, त्यात तुम्ही पालकाचा मारा केलात की गोळी फिकी पडणारच. आणि मेदविद्राव्य म्हणजे अंगात साठून राहणारं असं सगळे म्हणतात ना, ते अ आणि ड बाबत ठीक, केचा साठा फार नसतो. म्हणून भाजी बंद नाही करायची, रोज साधारण तेवढीच खायची.

ठाणेकर: आईला वाचून दाखवलं. म्हणते, “मग सरळ ए बी सी डी म्हणा की, मराठीचा कळवळा औषधातच कशाला?” लिंबू ताटात परत आलंय. पालकाची एक जुडी शेजारी गेली. शुक्रवारी परत आयएनआर.