'सर्व्हेलन्स'ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरवाली :
सांडपाण्यातून विषाणूंचा माग काढण्यावरची एक पुस्तिका मराठीत करतेय. 'सर्व्हेलन्स' दर दुसऱ्या ओळीत. सरकारी कागदांत 'रोग सर्वेक्षण' असतं, पण सर्वेक्षण म्हटलं की एकदा आकडे गोळा केले आणि संपलं, असं वाटतं. हे तर रोजच्या रोज चालणारं काम. 'पाळत' लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल आपल्या संडासावर कुणी टपून बसलंय. काय करू?

शब्दवेडा :
निगराणी. फारसीतून आलाय, 'निगा' त्याच घरातली. नजर आणि काळजी दोन्ही आलं. 'राखण' मात्र नको; रोगाची राखण म्हणजे रोग जपून ठेवल्यासारखं होईल :)

जंतुवाला :
गंमत म्हणजे 'पाळत' एके काळी बरोबरच होतं. रोग्याच्या संपर्कात आलेल्या माणसाला लक्षणं दिसतात का, यावर लक्ष ठेवणं हाच सर्व्हेलन्सचा अर्थ होता. अमेरिकेतले साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्यूर यांनी तो माणसावरून उचलून रोगावर नेला : माहिती सतत गोळा करा, तिचा अर्थ लावा, ज्यांना उपाय करायचाय त्यांच्यापर्यंत पोचवा. सांडपाण्यात हे छान दिसतं. २४ तास थोडं थोडं पाणी घेऊन एका बाटलीत जमवतात आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत नेतात. त्या बाटलीत हजारोंचं मिसळलेलं असतं, कुणा एकाचं नाव कळत नाही. २०१३ मध्ये इस्राएलात पोलिओचा विषाणू असाच सापडला, एकाही मुलाला लुळेपणा आलेला नसताना. माझं मत निगराणीला.

भाषांतरवाली :
घेतला. आता 'डिटेक्शन'. 'शोध' म्हणजे संशोधन, की हरवलेली वस्तू हुडकणं, काही कळत नाही.

ओसरी :
'चाहूल' का नको? माणूस दिसायच्या आधी लागते ती.

जंतुवाला :
वा! फक्त चाहूल लागणं वेगळं आणि कोण आलंय ते ओळखणं वेगळं, एवढं सांभाळा. २००१ मध्ये अँथ्रॅक्स या घातक रोगाचे जंतू घातलेली पत्रं टपालाने आली, त्यानंतर अमेरिकेने २००३ मध्ये 'बायोवॉच' सुरू केलं. शहरातली हवा ओढून फिल्टरमधून सोडायची, तो फिल्टर माणसाने काढून न्यायचा, मग जंतूचा डीएनए ओळखणारी पीसीआर चाचणी. त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये टुलरेमियाच्या (ससे-उंदरांकडून माणसाला होणारा रोग) जंतूंच्या खुणा मिळाल्या. हल्ला नव्हताच, जंतू तिथल्याच परिसरातले निघाले. यंत्र खोटं बोललं नव्हतं, त्यामुळे याला 'खोटा इशारा' म्हणणंही जिवावर येतं. चाहूल खरी, पाहुणा घरचाच.

शब्दवेडा :
पुस्तिकेत 'बायोसेफ्टी' आणि 'बायोसिक्युरिटी' दोन्ही असतील, तर दोन्हींना जैवसुरक्षा लिहू नका. पहिलीत जंतू चुकून निसटू नये म्हणून हातमोजे नि बंदिस्त खोल्या. दुसरीत तो कुणी मुद्दाम पळवू किंवा बनवू नये म्हणून कुलपं, नोंदी, शिवाय कृत्रिम डीएनए मागवणाऱ्यांच्या ऑर्डरी घातक जंतूंच्या डीएनएशी ताडून पाहणं. पहिलीला जैवसुरक्षितता, दुसरीला जैवसुरक्षा म्हणा. 'जैवसंरक्षण' म्हटलं तर वाघ वाचवायला निघाल्यासारखं वाटतं.

भाषांतरवाली :
दिसायला इतके सारखे शब्द! मुद्रितशोधक चूक समजून एकच करून टाकेल. पहिल्यांदा येतील तिथे अर्थ देते. आणि त्या ऑर्डरींच्या 'स्क्रीनिंग'ला 'चाळणी' चालेल?

ओसरी :
वर 'ताडून पाहणं' आलंय की. क्रियापद असताना नाम कशाला पाडायचं?