मनगटाच्या सोनोग्राफीत नस सुजलेली, एनसीव्ही (नसेच्या वेगाची तपासणी) मात्र नॉर्मल. कशावर विसंबायचं?

आईचं वय ५८. आठ महिने झाले, तिच्या उजव्या हाताला मुंग्या येतात: अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू. करंगळीला काही नाही. रात्री दोन-अडीचला उठून बसते, हात झटकत राहते, मग जरा डोळा लागतो. हल्ली ब्लाउजचे हूक लावतानाही चाचपडते.

डॉक्टरांनी तपासून कार्पल टनेल सिंड्रोम, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात नस दबणं, सांगितलं. मनगट दुमडून धरल्यावर मिनिटाच्या आत मुंग्या सुरू झाल्या, हे मी स्वतः पाहिलं. मग एनसीव्ही केली आणि ती नॉर्मल आली. तपासणीतले विजेचे एवढे झटके सोसून "काही नाही" ऐकल्यावर आई फार खट्टू झाली, आपण उगाच बाऊ करतोय असं तिला वाटायला लागलं. दुसऱ्या डॉक्टरांनी मनगटाची सोनोग्राफी सांगितली. तिचा रिपोर्ट असा:

उजवं मनगट: पिसिफॉर्म हाडाच्या (मनगटातलं छोटं हाड) पातळीवर मिडियन नर्व्हच्या (हीच ती दबणारी नस) आडव्या छेदाचं क्षेत्रफळ १४ चौ. मिमी, वर हाताच्या मधल्या भागात (कोपर आणि मनगटाच्या मध्ये) ७. डॉपलरवर नसेत रक्तप्रवाह वाढलेला.
डावं मनगट: ११, वर ८.

मी गोंधळलेय ती इथे. मर्यादा साधारण ९ ते १० म्हणतात. मग डावीही नस सुजलेलीच म्हणायची का? त्या हाताला तर कधीच त्रास नाही. आणि दोन तपासण्या दोन गोष्टी सांगत असतील तर ऑपरेशनचं कशावरून ठरवायचं? कुणी यातून गेलं असेल किंवा हे काम करत असेल, तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी हीच सोनोग्राफी करतो. आधी आईंना सांगा, बाऊ अजिबात नाही. एनसीव्ही नसेतल्या जाड, जलद तंतूंचा वेग मोजते. सुरुवातीच्या दाबात ते तंतू शाबूत राहू शकतात, त्यामुळे सगळी लक्षणं असूनही एनसीव्ही नॉर्मल येते. सोनोग्राफी नसेचा आकार दाखवते. बोगद्यातून नऊ स्नायुबंध (टेंडन) आणि ही एक नस जाते. आत दाब वाढला की बोगद्याच्या तोंडाशी नस फुगते. एक तपासणी काम बघते, दुसरी रचना. त्या एकमेकींना खोटं पाडत नाहीत.

डाव्या हाताचं म्हणाल तर नुसत्या ११ वर मी काहीच ठरवणार नाही. माणसागणिक नस जाड-बारीक असते. प्रोब तिरका धरला किंवा नसेभोवतीची पांढरी कड मोजणीत घेतली, तरी एक-दोन चौ. मिमीचा फरक पडतो. म्हणूनच हाताच्या मधल्या भागातलं माप घेतात. मनगटाचं माप त्याच्या १.४ पटीहून जास्त असेल तर संशय पक्का होतो. उजवीकडे १४ भागिले ७, म्हणजे दुप्पट. डावीकडे ११ भागिले ८, १.४ च्या जरा खालीच. त्रास नाही, तर त्या हाताला हात लावायचा नाही.

ऑपरेशन मात्र आकड्यावर ठरत नाही. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट झालाय का, बधिरपणा दिवसभर टिकतो का, हे बघा. तसं असेल तर वेळ घालवू नका. नसेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधून पाहतात, नाहीतर सोनोग्राफीत बघत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. थायरॉइड आणि साखर तपासलीय का? मान दुखते का? मानेतून निघणारी नस दबली तरी याच बोटांना मुंग्या येतात.

प्रतिसाद:
पट्ट्याबद्दल एक. मी तो दिवसा बांधत होते आणि रात्री काढून झोपत होते, त्यामुळे महिना वाया गेला. झोपेत मनगट दुमडतं, खरी गरज तेव्हाच असते.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. आताच आईचे दोन्ही तळहात शेजारी धरून पाहिले. उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा थोडा बसल्यासारखा दिसतोय, आणि बधिरपणा दुपारीही असतो हे तिने आज पहिल्यांदा सांगितलं. मान दुखत नाही. साखर ठीक आहे, थायरॉइड कधी तपासलेलंच नाही. उद्याच हाताच्या सर्जनची वेळ घेते, दोन्ही रिपोर्ट सोबत नेते. ते काय म्हणतात ते इथेच लिहीन.