मृगाचे तीन तारे आणि गिझाचे तीन पिरॅमिड: दावा घरी पडताळण्यासाठी काय घ्यावे?

चांदणवेल
गिझाचे तीन पिरॅमिड म्हणजे मृगनक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांची जमिनीवरील प्रतिकृती असून ती मांडणी इसवी सनापूर्वी १०,५०० च्या सुमाराचे आकाश दाखवते, असे माझ्या अकरावीतल्या मुलीने एका चित्रफितीत पाहिले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिचे म्हणणे खोडून काढण्यापेक्षा तिच्याबरोबर बसून ते तपासावे, असे मला वाटते. पुस्तक, सॉफ्टवेअर, उपकरण, काहीही सुचवा. फक्त ते १,५०० रुपयांच्या आत बसावे.

व्याधदर्शी
ताई, आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घ्या. रक्कम बरीच वाढेल, परंतु मी सहा वर्षांपूर्वी घेतली आणि मृगातील तेजोमेघ पाहिल्यावर खर्च केल्याचे एकदाही वाईट वाटले नाही.

उत्तररात्र
ते तीन तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. या प्रश्नाला दुर्बीण लागत नाही. स्टेलॅरियम हे कोणत्याही काळचे आकाश दाखवणारे सॉफ्टवेअर संगणकावर विनामूल्य मिळते. स्थान गिझा ठेवा आणि वर्ष उणे १०,४९९ भरा, कारण खगोलीय गणनेत शून्य वर्ष धरले जाते. परांचनाची, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलण्याची, एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची असल्यामुळे त्या काळी मृग दक्षिण क्षितिजाच्या पुष्कळ जवळ दिसत असे. मी आधी मोबाइलवरील एका सशुल्क ॲपवर पैसे घालवले आणि ते इतके मागे जातच नव्हते.

जुना वाचक
लोकमान्यांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ ग्रंथात, वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो तो बिंदू) मृगात होता त्या काळावरून, वेदकाल इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपास नेला. ताऱ्यांवरून काळ ठरवणे हा वेडेपणा नव्हे, एवढे मुलीला अवश्य सांगा.

साकारा
लोकमान्यांचा आधार ग्रंथांतील उल्लेख होते. येथे आधार मुख्यतः आकाराच्या साम्याचा आहे, आणि हा फरक मोठा आहे. मृत राजा आकाशात ‘साह’ला, म्हणजे मृगाला, जाऊन मिळतो, ही इजिप्शियन श्रद्धा खरीच आहे, परंतु ती सांगणारे पिरॅमिडमधील लेख प्रथम इजिप्तमधीलच साकारा येथे उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजानंतर सुमारे दोन शतकांनी, कोरलेले आढळतात. खुफूच्या पिरॅमिडमधील दक्षिणेकडचा अरुंद झरोका मृगाच्या या ताऱ्यांकडे रोखलेला असावा, असे बदावी आणि ट्रिंबल या संशोधकांनी १९६४ मध्येच मांडले होते. त्या विचारात मला तथ्य वाटते. तीन पिरॅमिडांचा नकाशा ही त्यापुढची उडी आहे.

नाईलकाठ
मी प्रत्यक्ष गिझाला जाऊन आलो आहे. जागेवर उभे राहिल्याखेरीज काही कळत नाही. मोबाइलच्या होकायंत्रावर मात्र विसंबू नका. मोठ्या पिरॅमिडच्या बाजू खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या पंधराव्या भागाहूनही कमी ढळलेल्या आहेत, आणि मी चुंबकीय उत्तर धरून मोजल्यामुळे तो कित्येक अंशांनी वाकडा असल्याचे घरी सर्वांना सांगत बसलो. बाकी, स्टेलॅरियम घ्या, ते फुकट आहे.

उत्तररात्र
तेच मी वर लिहिले आहे.

कोनमापक
मूळ दावा रॉबर्ट बोवाल यांनी एड्रियन गिल्बर्ट यांच्यासह लिहिलेल्या १९९४ च्या पुस्तकातला आहे. माझ्याकडे ते आहे. पैसे वाया गेले, आपण घेऊ नका. त्याऐवजी उपग्रहचित्राची एक छापील प्रत आणि ट्रेसिंग कागद घ्या. केप टाउनचे खगोलशास्त्रज्ञ अँथनी फेअरॉल यांनी मोजले होते की कडेच्या दोन पिरॅमिडांना जोडणारी रेषा उत्तरेशी ३८ अंशांचा कोन करते, तर त्या प्राचीन काळी कडेच्या दोन ताऱ्यांची रेषा जवळजवळ ५० अंशांचा करत होती. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एड क्रप यांचा आक्षेप असा की आकृती जुळवायची तर नकाशा उत्तर-दक्षिण उलटा धरावा लागतो. दोन्ही गोष्टी मुलीला स्वतःच्या हाताने पाहू द्या.

साकारा
पुस्तक नकोच, हे माझेही मत. वाचायचेच असेल तर इजिप्तच्या तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये सापडलेल्या पपायरसांविषयी वाचा. तुरा या ठिकाणच्या खाणीतून चुनखडीचे दगड गिझाला नेणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची, खुफूच्याच काळातली, ती रोजनिशी आहे.

चांदणवेल
सर्वांचे मनापासून आभार. स्टेलॅरियम उतरवून घेतले आहे, आणि मेरेरची रोजनिशी आम्ही नक्की शोधू. तरीही मी बोवाल यांचेच पुस्तक मागवले. जुनी प्रत ठरवलेल्या रकमेत मिळाली. ज्याचा दावा तपासायचा त्याचे म्हणणे चित्रफितीतून तुकड्यातुकड्यांनी नव्हे, तर त्याच्याच शब्दांत पूर्ण ऐकावे, असे मला वाटते. पुस्तक येईपर्यंत मुलीने उपग्रहचित्रावर पिरॅमिडांची रेषा ओढली आहे. तिचे उत्तर ३७ अंश आले. ताऱ्यांचा कोन ती शनिवारी मोजणार आहे.