मदत हवी आहे: लांब पास उत्तम, छोटे पास चुकतात (अमेरिकन फुटबॉल)

नमस्कार मंडळी,

आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. मुलगा दहावीत आहे, शाळेच्या जेव्ही (मुख्य संघाच्या खालच्या) संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू. मी क्रिकेटवर वाढलो. हा खेळ त्याच्यामुळे शिकलो आणि आता मनापासून आवडतो.

त्याचा हात दमदार आहे. चाळीस यार्डांवर धावणाऱ्या रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) हातात चेंडू अलगद पडतो. पण पाच-सहा यार्डांचा साधा हिच (रिसीव्हर पुढे पळून मागे वळतो) किंवा स्लँट (तो तिरका आत येतो) असला की चेंडू रिसीव्हरच्या मागे जातो, नाहीतर गुडघ्याशी. मी सामन्यांचं चित्रण करतो. त्यात दिसतं की माणूस तो बरोबर निवडतो, पण तो माणूस मोकळा झालेला दिसेपर्यंत थांबतो आणि मग पाय सावरलेले नसताना घाईने फेकतो. तोवर कॉर्नर (रिसीव्हरवर नजर ठेवणारा बचावपटू) पोचलेला असतो.

पुढच्या हंगामात आक्रमण छोट्या पासांवर उभं करायचं प्रशिक्षकांनी ठरवलंय. मुलगा खट्टू झालाय. ज्यांना लांब फेकता येत नाही त्यांच्यासाठी हे असतं, असं त्याचं म्हणणं. त्याला काय सांगू? आणि घरच्या अंगणात, मदतीला फक्त मी असताना, सराव कसा घ्यायचा?

प्रतिसाद १

शाळेच्या संघांसोबत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

चूक हातात नाही, पायांत आहे. छोटा पास पावलांच्या तालावर सुटतो. सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या) मागून तीन पावलांचा ड्रॉप, म्हणजे मागे सरकणं, असेल तर तिसरं पाऊल रोवलं की चेंडू निघालाच पाहिजे. हिचमध्ये तेव्हा रिसीव्हर अजून वळतच असतो. मोकळा दिसल्यावर फेकला म्हणजे उशीर झालाच. आधी नुसती पावलं घोटवून घ्या, चेंडू नंतर.

मग नजर. स्लँट-फ्लॅट ही जोडी घ्या. बाहेरचा रिसीव्हर तीन पावलं सरळ जाऊन तिरका आत येतो, आतला साइडलाइनकडे फ्लॅटमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेजवळच्या जागेत, पळतो. क्वार्टरबॅकने फ्लॅट सांभाळणारा एकच बचावपटू बघायचा. तो बाहेर धावला तर स्लँट, जागेवर राहिला तर फ्लॅट. अंगणात तो बचावपटू तुम्ही व्हा. स्लँट आणि फ्लॅट जिथे पोचतील तिथे दोन जुन्या चादरी टांगा. मुलाने पावलं टाकायला सुरुवात केली की मगच तुम्ही ठरवा, पळायचं की थांबायचं. त्याने तुम्ही सोडलेल्या चादरीवर फेकायचं. आधी सावकाश, मग खऱ्या वेगाने. या सरावाइतका उपयोगी दुसरा सराव मला माहीत नाही.

मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या सिनसिनाटी बेंगल्स संघाचा क्वार्टरबॅक ग्रेग कुक जबरदस्त फेकायचा, पण १९६९ मध्ये त्याचा खांदा दुखावला. १९७० मध्ये जागा मिळाली व्हर्जिल कार्टरला. त्याच्या हातात तेवढी ताकद नव्हती, अचूकता होती. तेव्हाचे सहायक प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याच्यासाठी मैदानाच्या रुंदीचा वापर करणारे छोटे, वेळेवर सुटणारे पास आखले. पहिल्या सातपैकी सहा सामने हरलेल्या संघाने उरलेले सातही जिंकून गट जिंकला.

उरलेलं अर्धं म्हणजे क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह. लीगमधल्या सर्वांत दमदार हातांपैकी एक. ग्रीन बे संघात त्याला वॉल्श यांच्या हाताखाली काम केलेल्या माइक होल्मग्रेन यांनी हीच पद्धत शिकवली. १९९५, १९९६, १९९७ अशी सलग तीन वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला (१९९७ मध्ये बॅरी सँडर्ससोबत विभागून). मुलाला वॉल्श यांचा प्रसिद्ध क्वार्टरबॅक जो मोंटाना नंतर दाखवा, आधी फार्व्ह.

प्रतिसाद २

वरच्याला पूर्ण अनुमोदन. एक भर: स्नॅपच्या (सेंटरने चेंडू मागे देण्याच्या) आधी कॉर्नर किती लांब उभा आहे ते बघायची सवय लावा. सात-आठ यार्ड मागे असेल तर हिच जवळजवळ फुकट मिळतो.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. चादरी उद्याच टांगतो. एक सांगायचं राहिलं: तो उजव्या हाताने फेकतो आणि चुका बहुतेक डावीकडच्या पासांवर होतात. याचा काही संबंध?

प्रतिसाद १

थेट संबंध आहे. डावीकडे फेकताना त्याचं पुढचं पाऊल समोरच पडत असणार. मग कंबर वळत नाही, चेंडू नुसत्या हाताने ढकलला जातो. डावा पाय लक्ष्याच्या दिशेने, थोडा आणखी डावीकडे, आणि आखूड टाकायला सांगा. पुढचं चित्रण मागून घ्या, पाय स्पष्ट दिसतील.